पुण्याचा पुढचा संघ येईल तेव्हा : फुटबॉल, हॉकी आणि आजवरचे निर्णय

पूर्व स्टँड

मंडळी, हे बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून काढतो. लांबलंय, सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी भाचीच्या शाळेची ऍथलेटिक्स स्पर्धा बालेवाडीला होती. तिची चारशे मीटरची हीट अकरानंतर होती, तोवर आम्ही दोघं पूर्वेच्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. त्या पायऱ्यांवर माझ्या किती संध्याकाळी गेल्या त्याचा हिशोब नाही. डबा खाता खाता तिने विचारलं, "मामा, तुमची टीम इथेच खेळायची ना? मग आता कुठे खेळते?"

खरं उत्तर "दिल्लीत" असं आहे. एफसी पुणे सिटीचा गाशा 2019 च्या ऑगस्टमध्ये गुंडाळला गेला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) तिची जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादने 2022 च्या मार्चमध्ये गोव्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून करंडक उचलला. पुढे त्यांच्याकडेही पैशाचे वांधे झाले आणि 2025 मध्ये तो क्लब स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने दिल्लीला हलला. शाळकरी मुलीला हे कसं समजावायचं? माणसं घर बदलतात तशी टीमही बदलते, असं काहीतरी बोललो. तिला ते पटलं नाही. मलाही पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. 2015 साल उजाडलं तेव्हा पुण्यात तीन व्यावसायिक फुटबॉल संघ होते. पिरामल गटाचा पुणे एफसी आणि कल्याणी गटाचा भारत एफसी आय-लीगमध्ये (आयएसएलच्या आधीपासूनची देशाची मुख्य लीग), वाधवान गटाचा पुणे सिटी आयएसएलमध्ये. शिवाय डीएसके शिवाजीयन्स खालच्या डिव्हिजनमध्ये दार ठोठावत होता, पुढच्याच हंगामात तोही आय-लीगमध्ये आला. कोलकाता आणि गोवा सोडलं तर एवढे संघ एका गावात कुठे होते? आणि 2019 च्या ऑगस्टनंतर आपल्याकडे एकही उरला नाही. भारत एफसी एका हंगामात मिटला. पुणे एफसी त्याच वर्षी बंद झाला. शिवाजीयन्सनी 2017 मध्ये आय-लीग सोडली. पुणे सिटीचं वर सांगितलंच.

मैदानावर आपण इतके वाईट कधीच नव्हतो, हे मला ठासून सांगायचंय. पुणे एफसी 2007 मध्ये जन्माला आला आणि 2009-10 मध्ये आय-लीगच्या पहिल्याच हंगामात तिसरा आला. 2012-13 मध्ये दुसरा, फक्त चर्चिल ब्रदर्स पुढे. त्या सगळ्या काळात कोच एकच होते, डेरिक परेरा. चार हंगाम एकच माणूस, एकच पद्धत. गोलमध्ये सुब्रत पाल. नंतर मागे अनस एडाथोडिका, पुढे जेजे. आणि मधल्या फळीत अराता इझुमी, ज्याने जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं आणि भारताकडून खेळला. हा माणूस पुण्याच्या लाल धुळीत सराव करून देशाच्या संघात गेला! तेव्हा स्टँडमध्ये आम्ही मोजकीच माणसं असायचो. शेजारी कोण बसलंय हे चेहऱ्याने माहीत असायचं.

आता पुणे सिटीकडे या. पाच हंगामांत कोच किती? कोलोंबा, प्लॅट, हबास, पोपोविच, पोर्तुगाल, ब्राउन. हंगामी जबाबदारी सांभाळलेले प्रद्युम रेड्डी वेगळे. पोपोविचने 2017-18 मध्ये संघाला पहिल्यांदा सेमीफायनलला नेलं. 7 मार्च 2018 ला बालेवाडीला बेंगळुरूशी शून्य-शून्य झालं ती रात्र मी विसरणार नाही. ढोल थांबतच नव्हते. परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल मारले आणि आपण 3-1 ने हरलो. हरलो त्याचं दुःख झालंच, पण धागा लिहिण्याइतकी तक्रार त्याच्याबद्दल नाही. तक्रार अशी की मार्सेलिनो, अल्फारो, आशिक, विशाल कैथ असा संघ जमून आला होता, पोरं एकमेकांना ओळखून पास द्यायला लागली होती, आणि पुढच्या हंगामाला पोपोविच नव्हता. त्याच्या जागी आलेल्या मिगेल आंखेल पोर्तुगालला तीन सामन्यांनंतर जावं लागलं. म्हणजे पाया उकरायचा, जोतं बांधायचं आणि भिंत उभी राहायच्या आत दुसरा गवंडी बोलवायचा.

पहिल्या वर्षी ट्रेझेगे आणला होता. 1998 चा वर्ल्ड कप जिंकलेला माणूस बालेवाडीला उतरतो याचा मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. पण तो आला तेव्हा त्याची उमेद संपत आली होती आणि एका हंगामात गेला. त्याच्या जागी मुटू आला, तोही गेला. त्या नावांमुळे एकही पोरगं आपल्या जिल्हा लीगमधून वर आलं का?

आता ज्यासाठी लिहायला बसलो तो मुद्दा. माझ्या मते सगळ्यात वाईट निर्णय अकादमीबद्दल झाला, आणि तो कुणी मुद्दाम घेतलाही नाही. पुणे एफसीची अकादमी 2011 मध्ये सुरू झाली. तिथल्या पोरांनी वीस वर्षांखालची आय-लीग जिंकून दाखवली. क्लब बंद झाल्यावर ती अकादमी पुणे सिटीकडे गेली, म्हणून वाचली. आशिक कुरुनियन तिथूनच आला. केरळमधल्या मलप्पुरमचा पोरगा, पुण्यात घडला, इथूनच स्पेनला विल्लारेयालकडे शिकायला गेला आणि 2019 च्या आशियाई कपमध्ये भारताकडून खेळला. पण अकादमी क्लबच्या नावावर होती. त्यामुळे दुसरा मालक गेला तेव्हा तीही गेली. झाड तोडलं तेव्हा रोपवाटिकाही उखडली.

म्हणून माझं म्हणणं असं की पुण्यात पुढचा कुणी संघ घेऊन आला, फुटबॉल असो की हॉकी, तर त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारायची. अकादमी कुणाच्या नावावर राहणार? मालकाच्या नावावर असेल तर शर्ट कितीही छान असो, मी स्टँडमध्ये येणार नाही. अकादमी जिल्हा संघटना, इथले जुने क्लब आणि पालक यांच्या वेगळ्या ट्रस्टकडे हवी. संघाने तिला पैसे द्यावेत आणि तिथल्या पोरांवर पहिला हक्क सांगावा. मालक गेला तरी पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर आली पाहिजेत.

हॉकीबद्दल मी कमी बोलतो, ते खडकीकरांनी लिहावं. पण 2012 मध्ये पुणे स्ट्रायकर्स वर्ल्ड सिरीज हॉकीच्या फायनलपर्यंत गेले होते आणि दुसरा हंगाम झालाच नाही, हे माझ्याही मनात सलतं.

तुम्हाला काय वाटतं?

हिशेबनीस

पूर्व स्टँड, तळमळ पोचली. पण मालकांच्या बाजूचंही कुणीतरी मांडायला हवं, म्हणून लिहितो.

आय-लीगच्या क्लबला पैसे येणार कुठून? तिकिटांतून मैदानाचं भाडं आणि दिव्यांचं बिल निघालं तरी खूप. टीव्हीचे पैसे क्लबपर्यंत पोचत नव्हते. 2014 मध्ये आयएसएल आली आणि जाहिरातदार तिकडे वळले. पिरामल गटाने आठ वर्षं पदरमोड केली, तेवढी इतर शहरांत कितीजणांनी केली? त्यांना मी दोष देणार नाही. आयएसएलमध्येही दरवर्षी फ्रँचायझी फी भरायची, वर परदेशी खेळाडूंचे पगार, विमानाची तिकिटं. आणि लीग तरी कुठे पक्की आहे? 2025 च्या जुलैमध्ये आयोजक कंपनीने हंगामच रोखून धरला, महासंघाशी करार पुढे सरकत नव्हता म्हणून. तेव्हा कित्येक क्लबांचे खेळाडू घरी बसून होते.

ट्रस्टची कल्पना चांगली आहे. पण संघ बंद झाल्यावर ट्रस्टला पैसे कोण देणार? साठ पोरांची राहण्याजेवणाची अकादमी म्हणजे शिळ्या पोळीवर भागत नाही. प्रोटीन, फिजिओ, शाळेची फी, प्रवास. हे गणित मांडल्याशिवाय कुठलाही मालक तुमच्या अटीवर सही करणार नाही.

पूर्व स्टँड

हिशेबनीस, मुद्दा मान्य. आणि पिरामलांबद्दल माझ्याही मनात आकस नाही, पुणे एफसीसारखा नीट चालवलेला क्लब मी दुसरा पाहिला नाही. माझं दुःख असं की 2015 मध्ये एका शहरात तीन मालक तीन ऑफिसं चालवत होते, तिघांचं मैदान मात्र एकच. ते तिघे एका टेबलाशी बसले असते तर? एक पहिला संघ, एक अकादमी, खर्च वाटून. कोलकात्याचा मोहन बागान 2020 मध्ये एटीकेशी जोडला गेला. त्यावरून त्यांच्या लोकांनी रस्त्यावर उतरून भांडणं केली, नावापुढचं एटीके शेवटी काढायला लावलं, पण क्लब जिवंत राहिला. आपल्याकडे भांडायलाही काही उरलं नाही.

आई फुटबॉलवाली

मी इथे फारसं लिहीत नाही, वाचते. पण अकादमीचा विषय निघाला आणि राहवलं नाही.

माझा मुलगा शहरातल्या एका निवासी अकादमीत होता. नाव घेत नाही. तेरा वर्षांचा असताना चाचणीत निवडला गेला, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते. पहाटे पाचला उठायचा, दुपारी शाळा, संध्याकाळी परत सराव. पहिल्या वर्षात इतका बदलला की घरी आला की स्वतःचं ताट स्वतः घासायचा. दहावीच्या वर्षी मे महिन्यात आम्हाला फोन आला, मुलांचं सामान घेऊन जा. पत्र नंतर येईल म्हणाले. पत्र आलं ते जुलैत, त्यात चार ओळी होत्या. तोवर दुसऱ्या अकादम्यांच्या चाचण्या संपल्या होत्या. शाळेचा दाखला काढायला आम्ही तीन खेपा घातल्या.

मुलाने त्यानंतर दोन महिने बुटांना हात लावला नाही. कपाटाच्या वर पिशवीत ठेवून दिले होते. नंतर एका जिल्हा क्लबच्या सरांनी घरी येऊन त्याला नेलं. त्यांनी एक पैसा घेतला नाही. आज तो इंजिनिअरिंग करतो आणि रविवारी त्याच क्लबकडून खेळतो.

हिशेबनीस, तुमचं गणित बरोबर असेल. पण मी पालक म्हणून एवढंच मागते की बंद करायचं असेल तर एक वर्ष आधी सांगा. करारात लिहा. चालू शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंतचा खर्च सुरुवातीलाच बँकेत वेगळा ठेवा. एवढं तरी कुठल्याही मोठ्या घराला परवडावं.

हिशेबनीस

ताई, हे मला सुचलंच नव्हतं. वर्षभराचा खर्च आधीच बाजूला ठेवायचा, ही अट व्यवहार्य आहे. बांधकामात बिल्डरकडून बँक गॅरंटी घेतात, तसंच. हे ट्रस्टपेक्षाही आधी व्हावं.

रंकाळ्याचा

मी कोल्हापूरचा, नोकरीसाठी बारा वर्षं पुण्यात. राग मानू नका, पण तुमच्या शहरात टीम वरनं खाली आली, आमच्याकडं खालनं वर गेली. फरक तिथंच आहे.

आमच्याकडं पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, ही सगळी तालमी-पेठांची नावं. पाटाकडीलचा पोरगा पाटाकडीलकडनंच खेळायचा, त्याचा बा पण तिकडनंच खेळलेला. शाहू स्टेडियमला मॅच असली की गल्ली रिकामी. बक्षिसाचा आकडा लहान, पण मॅच हरली तर त्या रात्री घरात जेवण गोड लागत नाही. मालक कोण म्हणून विचारलं तर उत्तरच नाही, कारण सगळेच मालक. म्हणूनच बंद करायचं कुणाच्या हातात नाही.

आता सांगा, पुणे एफसीत निखिल कदम कुठनं आला? कोल्हापूर. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडनं खेळलेला अनिकेत जाधव? कोल्हापूर, पण घडला पुण्यात, आधी सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत. म्हणजे आमच्याकडं पोरं आहेत, प्रेक्षक आहेत, पण वरची पायरी नाही. ती पायरी पुण्यात होती. ती मोडली तेव्हा तोटा फक्त पुण्याचा नाही झाला, कोल्हापूर, सातारा, सांगली, सगळ्यांचा झाला. हे पुणेकरांच्या लक्षात येत नाही असं वाटतं.

आमच्याकडं सगळं बरं आहे असंही नाही. दोन पेठांची मारामारी झाली की मॅच थांबते, पोलीस येतात. खेळाडू पंचविशीत गुडघा घालवून बसतो, विचारायला फिजिओ नाही. त्यामुळं तुमच्याकडली शिस्त आणि आमच्याकडली माती एकत्र यायला पाहिजे होती.

पूर्व स्टँड

रंकाळ्याचा, राग कसला, मनातलं बोललात. पुण्यातही जुने क्लब आहेत हो. डेक्कन रोव्हर्स, अशोका, संगम यंग बॉईज, खडकी ब्लूज. कॅम्पात, घोरपडीत, खडकीत फुटबॉल शंभर वर्षं मुरलेला आहे, लष्करामुळे. पण जे व्यावसायिक संघ आले त्यांनी या क्लबांशी सोयरीक कधी जोडलीच नाही. जिल्हा लीगच्या फायनलला वरच्या संघाचा एखादा खेळाडू बक्षीस द्यायला आला, एवढंच. त्यांची जर्सी घातलेला पोरगा दोबारवाडीच्या मैदानावरचा आहे असं मला एकदा तरी म्हणायचं होतं.

स्टेडियमबद्दलही एक राहिलं. बालेवाडी 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलं, 2008 मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा तिथे झाल्या. ऍथलेटिक्ससाठी उत्तम. पण फुटबॉल बघताना स्टँड आणि टचलाइनच्या मध्ये आठ लेनचा ट्रॅक येतो. गोल झाला तरी आवाज खाली पोचायला वेळ लागतो. रात्रीचा सामना संपला की कोथरूडला, हडपसरला, कॅम्पाला जायला बस नसायची. ज्या कॅम्प-खडकीत फुटबॉल बघणारी माणसं राहतात, त्यांच्यापासून सगळ्यात लांब मैदान निवडलं गेलं. पर्याय नव्हता हे मला माहीत आहे. पण तीन मालकांपैकी एकानेही शहराच्या पूर्वेला पाच हजारांचं छोटं मैदान बांधायचा विषय काढला नाही.

2023 मध्ये मुंबई सिटीने एएफसी चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने बालेवाडीला ठेवले. इराणच्या नसाजीबरोबरचा सामना इथे झाला. सौदीच्या अल हिलालचाही इथेच व्हायचा होता, तो नवी मुंबईला नेला. परक्या संघाचे घरचे सामने आपल्या घरात बघायचे आणि त्यातलाही मोठा उचलून न्यायचा, तेव्हा पोटात कालवलं.

खडकीचा लेफ्ट इन

पूर्व स्टँडने बोलावलं म्हणून हॉकीचं लिहितो. माझं वय एकसष्ट. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढलो, त्यामुळे पुढच्या फळीतली लेफ्ट इन हीच जागा अजून तोंडात बसलीय, आता पोरं ते नाव घेत नाहीत.

आपल्या शहराचं हॉकी किती जुनं आहे ते आधी सांगू दे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकचं सोनं जिंकलेल्या संघात बाबू निमल पुण्याचे. 1982 च्या दिल्ली एशियाडला मुलींनी सोनं जिंकलं त्या संघाची कप्तान एलायझा नेल्सन पुण्याची. आणि धनराज पिल्ले. 1968 चा जन्म, खडकीचा. चार ऑलिम्पिक, चार वर्ल्ड कप, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार एशियाड. 1998 ला बँकॉकला कप्तान म्हणून सोनं. मुरमाच्या मैदानावर, तुटलेल्या स्टिकला सुतळी गुंडाळून खेळणाऱ्यांतून हा माणूस वर गेला. ते मैदान मी रोज ओलांडलंय. चेंडू कुठे उडेल याचा नेम नसायचा, म्हणूनच आमच्याकडच्या पोरांचं मनगट असं तयार व्हायचं.

आता निर्णयांबद्दल. 2012 ला वर्ल्ड सिरीज हॉकी आली, आठ संघ, त्यात आपले पुणे स्ट्रायकर्स. पिंपरीला नेहरूनगरच्या ध्यानचंद पॉलिग्रासवर सामने झाले. मी एकही चुकवला नाही. 2 एप्रिलला मुंबईला फायनल, शेर-ए-पंजाबने 5-2 ने हरवलं. हरल्याचं काही नाही. पण मला त्या स्पर्धेतलं एक दृश्य आजही टोचतं. धनराज त्या स्पर्धेत खेळला, चव्वेचाळिशीला टेकलेला असताना, पण कर्नाटक लायन्सकडून. खडकीचा माणूस, पुण्याचा संघ, आणि दोघं समोरासमोर! ज्याने कुणी ती वाटणी केली त्याला खडकी कुठे आहे हे ठाऊक नसावं. त्याला पुण्याच्या जर्सीत एकदा बघितलं असतं तर अख्खी खडकी पिंपरीला लोटली असती.

स्पर्धा एका हंगामात का मेली ते सगळ्यांना माहीत आहे. एका देशात दोन संघटना, एकीने स्पर्धा घेतली आणि दुसरीला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता. खेळाडूंना वाटायचं इथे खेळलो तर देशाकडून खेळायला मिळेल का. मग दुसरीची हॉकी इंडिया लीग 2013 ला आली, तिच्यात महाराष्ट्राचा संघ मुंबईचा होता. 2017 नंतर तीही थांबली. 2024 च्या डिसेंबरला परत सुरू झाली तेव्हा पुरुषांचे आठ संघ, आणि महाराष्ट्राचा एकही नाही. मुलींचे चार, त्यातही नाही. दिल्ली, हैदराबाद, ओडिशा, बंगाल, तमिळनाडू सगळे आहेत. महाराष्ट्रातल्या एकाही उद्योगपतीला हॉकीचा संघ घ्यावासा वाटू नये?

आणि इथे मला पूर्व स्टँडच्या मुद्द्याला जोड द्यायची आहे. स्ट्रायकर्स गेले तरी नेहरूनगरचं टर्फ गेलं नाही. का? कारण ते महापालिकेचं आहे. संघ कुणाचा का असेना, टर्फ शहराच्या नावावर. त्यामुळे दुसऱ्या दिवशीपासून पोरं परत तिथे होती. 2021 च्या डिसेंबरला पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच झाली. 2024 ला महिलांची झाली, आपल्या मुली फायनलला गेल्या, हरियाणाशी हरल्या. त्या मुली बघा कुठून येतात. वैष्णवी फाळके फलटणजवळच्या आसूची, ऋतुजा पिसाळ, अक्षता ढेकळे, सगळ्या सातारा जिल्ह्यातल्या. एसटीने पुण्याला आल्या, क्रीडा प्रबोधिनीत राहिल्या, भारताकडून खेळल्या. संघ नसताना हे झालं. म्हणजे तुम्ही फुटबॉलवाल्यांकडे चार-चार संघ होते आणि जमीन एकाचीही नव्हती. आमच्याकडे जमीन आहे आणि संघ नाही.

टर्फवर पाणी मारावं लागतं, आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं, तेव्हा दरवेळी निविदा, दरवेळी उशीर. ते आहेच. पण ते भांडण आपल्या नगरसेवकाच्या दारात जाऊन करता येतं. फ्रँचायझीच्या मालकाच्या दारात कुणी उभं करत नाही.

हिशेबनीस

काका, याचा मी विचारच केला नव्हता. अकादमीसाठी ट्रस्ट काढण्याऐवजी मैदान महापालिकेचं, कोच आणि वसतिगृह प्रबोधिनीसारखं सरकारी, आणि संघाने फक्त पैसा आणि वरची पायरी द्यायची. असं झालं तर मालक गेल्यावर खर्चाचा मोठा भाग आधीच दुसरीकडे असेल. माझी शंका बरीचशी फिटली.

मधली फळी २१

मी वयाने लहान आहे, पुणे एफसी पाहिलेला नाही. पण एक मुद्दा. तुम्ही सगळे मालकांबद्दल बोलताय. आम्ही प्रेक्षक कुठे होतो? पुणे सिटीच्या चाहत्यांच्या ऑरेंज आर्मीत शेवटच्या हंगामाला जे येत होते ते येतच होते, पण इतर? माझ्या कॉलेजात दोनशे पोरं पहाटेपर्यंत जागून युरोपातल्या मॅच बघतात. त्यातल्या किती जणांनी एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीग बघितलीय? मी बघितलेली नाही, हे आज वाचताना लाज वाटली. संघ टिकवायचा तर आधी चार माणसं तिथे उभी राहायला हवीत.

आणि भारताचा फुटबॉलपटू छांगते इथे खेळून गेला हेही मला आत्ता कळलं. शिवाजीयन्समध्ये होता. आम्ही त्याला मुंबईचा समजतो.

आई फुटबॉलवाली

बाळा, तू लाज वाटून घेऊ नकोस. माझ्या मुलाच्या क्लबचा सामना असतो तेव्हा बघायला सात-आठ पालक आणि चहावाले काका एवढेच असतात. तू आणि तुझे दोन मित्र आलात तरी पोरांच्या अंगात वेगळंच बळ येईल. सामने बहुतेक सकाळचे असतात, ऊन व्हायच्या आत.

रंकाळ्याचा

मी येतो. ढोल माझ्याकडं आहे.

पूर्व स्टँड

सगळ्यांचे आभार. धाग्यातून मला दोन गोष्टी नव्याने कळल्या. ताईंची, वर्षभराचा खर्च आधी बाजूला ठेवायची अट, आणि काकांचा जमिनीचा मुद्दा. माझ्या पहिल्या पोस्टमधला ट्रस्ट मी मागे घेत नाही, पण जमिनीचं आधी, हे मान्य. घोरपडी किंवा खडकीच्या बाजूला महापालिका आणि छावणी मंडळ यांच्याकडे फुटबॉलसाठी एक नीट मैदान मागायचं, ट्रॅक नसलेलं, दिवे असलेलं. त्यासाठी अर्ज लिहायला घेतो. मसुदा इथेच टाकतो, हिशेबनीस, तुम्ही आकडे बघा. जिल्हा लीगचं वेळापत्रक लागलं की तेही टाकतो.

काका, एक विचारायचं राहिलं. भाचीची हीट झाली, ती चौथी आली. गाडीत बसल्यावर म्हणाली की पळण्यापेक्षा तिला काठीने चेंडू मारायला आवडेल, शाळेत एकदा खेळली होती. दहा वर्षांची आहे. उशीर तर झाला नाही ना?

खडकीचा लेफ्ट इन

दहा म्हणजे अगदी वेळेवर. शनिवारी सकाळी साडेसहाला नेहरूनगरला घेऊन या. मेट्रोने येत असाल तर संत तुकाराम नगरला उतरा, तिथून रिक्षा. सपाट तळव्याचे बूट, पाण्याची बाटली, शिनगार्ड. स्टिक विकत घेऊ नका, तिच्या उंचीची माझ्याकडे आहे.